पॅकेजमधल्या अनावश्यक लायब्ररी: कशा शोधायच्या, कशा काढायच्या

सी भाषेतला पंचवीस-तीस ओळींचा एक प्रोग्रॅम. काम एवढंच, की जीटीके ३ ही खिडक्या-बटणं दाखवणारी लायब्ररी वापरून एक खिडकी उघडायची आणि तिच्या मधोमध 'नमस्कार' अशी पाटी दाखवायची. डेबियन या लिनक्स वितरणावर हा प्रोग्रॅम पीकेजी-कॉन्फिगच्या (लायब्ररी जोडायचे पर्याय सांगणारं साधन) मदतीने बांधा आणि तयार फाइलला चालण्यासाठी कोणकोणत्या लायब्ररी लागतात ते बघा. यादी निघते ती अशी: जीटीके, जीडीके, पँगो, पँगोकैरो, हार्फबझ, एटीके, कैरो, कैरो-जीऑब्जेक्ट, जीडीके-पिक्सबफ, जीआयओ, जीऑब्जेक्ट, जीलिब. शिवाय सगळ्यांना लागणारी लिबसी आहेच. आवृत्तीनुसार एखादं नाव कमीजास्त होईल, पण डझनभर नावं ठरलेली.

आता कोड उघडून बघा. त्यात जीटीकेची फंक्शनं आहेत, ॲप्लिकेशन चालू करणारी जीआयओची एक-दोन आहेत आणि सिग्नल जोडण्यापुरती जीऑब्जेक्टची आहेत. बस. उरलेल्या नऊ लायब्ररींतलं एकही फंक्शन तुम्ही बोलावलेलं नाही. 'नमस्कार'मधलं 'स्का' हे जोडाक्षर नीट जुळवण्याचं काम हार्फबझच करतं हे खरं, पण ते काम त्याला पँगो सांगतं, आणि पँगोला जीटीके सांगतं. तुमच्या प्रोग्रॅमची आणि हार्फबझची कधी भेटच होत नाही. तरी तुमच्या फाइलमध्ये हार्फबझचं नाव कोरलं गेलं.

याला ओव्हरलिंकिंग म्हणतात. लिनक्ससाठी पॅकेजं बांधायला नुकतीच सुरुवात केलेल्यांसाठी हा लेख आहे. उदाहरणं मुख्यतः डेबियनची आहेत, कारण मी रोज तिथेच काम करतो. फेडोरा किंवा जेंटूवर तत्त्व तेच. आज्ञांची नावं इथे देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमनमध्ये टंकायची.

पण बिघडतं काय?

नवा पॅकेजर हा प्रश्न विचारतोच, आणि त्याने तो विचारायलाच हवा. जीटीके बसवलं की हार्फबझ, कैरो, पँगो आपोआप येणारच आहेत. मग माझ्या फाइलमध्ये त्यांची नावं असली काय आणि नसली काय?

आज काहीच बिघडत नाही. बिघडतं ते उद्या, त्या लायब्ररीचं एसओनेम बदलतं तेव्हा.

प्रत्येक शेअर्ड लायब्ररीला एसओनेम असतं, म्हणजे आवृत्तीचा आकडा जोडलेलं नाव. जुन्या प्रोग्रॅमशी न जुळणारा बदल झाला की हा आकडा बदलतो. तुमच्या बायनरीत, म्हणजे बांधून तयार झालेल्या फाइलमध्ये, 'नीडेड' या खुणेखाली जी नावं असतात ती हीच. वितरणात एखाद्या लायब्ररीचा आकडा बदलला की ते नाव ज्या ज्या फाइलमध्ये आहे, ती ती फाइल पुन्हा बांधावी लागते. याला ट्रान्झिशन म्हणतात. एका ट्रान्झिशनमध्ये शेकडो पॅकेजं अडकू शकतात, आणि त्यातलं एक जरी बांधताना आपटलं तरी मागची सगळी रांग खोळंबते. रांगेतली निम्मी पॅकेजं जर ती लायब्ररी प्रत्यक्षात वापरतच नसतील, तर कित्येक माणसांचे कित्येक दिवस फुकट जातात. ही माणसं बहुतेक स्वयंसेवक असतात, रात्री जेवणं उरकल्यावर काम करणारी.

आयसीयू हे याचं ठसठशीत उदाहरण. युनिकोडची ही मोठी लायब्ररी दर मोठ्या आवृत्तीला एसओनेम बदलते, आणि मोठी आवृत्ती साधारण वर्षातून दोनदा येते. डेबियन १२ मध्ये आकडा ७२ होता, १३ मध्ये ७६. तिची नुसती डेटाची फाइलच सुमारे ३० एमबी आहे. कोणत्याही वर्णक्रमाची किंवा तारखेची गरज नसलेल्या प्रोग्रॅमच्या गळ्यात हे ओझं पडलं, तर दर वेळी त्याचा रीबिल्ड आलाच. हार्फबझच्या कर्त्यांनी आयसीयूशी बोलणारा भाग वेगळ्या छोट्या लायब्ररीत ठेवला आहे, म्हणून मूळ हार्फबझ वापरणाऱ्याला आयसीयू ओढावं लागत नाही. अपस्ट्रीमने, म्हणजे मूळ प्रकल्पाने, विचार केला की असं होतं.

याहून वाईट प्रकार म्हणजे एकाच प्रोसेसमध्ये एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या. समजा तुमच्या प्रोग्रॅममध्ये लिबपीएनजीचं नाव उगाच आलं आहे, आणि जीडीके-पिक्सबफही लिबपीएनजी वापरतं. ट्रान्झिशनच्या काळात पिक्सबफ नव्या आवृत्तीवर गेलं, तुमचं पॅकेज जुन्यावर राहिलं. प्रोग्रॅम सुरू झाला की दोन्ही आवृत्त्या मेमरीत येतात. दोघींत त्याच नावाची फंक्शनं. सिम्बॉलना, म्हणजे फंक्शनांच्या आणि चलांच्या नावांना, आवृत्तीच्या खुणा नसतील तर कुणाचं फंक्शन कुणाला मिळेल याचा भरवसा नाही, आणि मग प्रोग्रॅम कुठेतरी भलत्याच जागी कोसळतो. वापरणाऱ्याला वाटतं प्रोग्रॅमच खराब. ज्या लायब्ररीशी तुमचं काही देणंघेणं नव्हतं तिच्यामुळे हे झालं, हे शोधायला एखाद्याचा अख्खा आठवडा जातो.

पहिली पायरी: आपल्या फाइलमध्ये काय आहे ते बघा

एलडीडी ही आज्ञा सगळ्यांना माहीत असते, पण या कामाला ती जशीच्या तशी चालत नाही. एलडीडी पूर्ण वंशावळ दाखवते: तुमच्या लायब्ररी, त्यांच्या लायब्ररी, त्यांच्याही लायब्ररी. आपल्याला फक्त पहिली पिढी हवी आहे. त्यासाठी रीडएल्फला '-डी' हा पर्याय द्या आणि निघालेल्या मजकुरातून ग्रेपने 'नीडेड'च्या ओळी वेगळ्या काढा. ऑब्जडम्प '-पी' पर्यायासह वापरलं तरी हीच माहिती मिळते.

एलडीडीबद्दल आणखी एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो. काही परिस्थितींत ती फाइल प्रत्यक्ष चालवून माहिती काढते. तिच्या मॅन पानावरच इशारा आहे की विश्वास नसलेल्या फाइलवर ती वापरू नये. रीडएल्फ आणि ऑब्जडम्प फाइल नुसती वाचतात, त्यामुळे तो धोका नाही.

पॅकेजमधली मुख्य फाइल तपासून थांबू नका. एकाच सोर्समधून मोठा सर्व्हर, त्याच्याशी बोलणारं छोटं साधन, एक-दोन लायब्ररी आणि चार प्लगइन असं सगळं बाहेर पडतं. घाण बहुतेक वेळा त्या छोट्या साधनात असते, कारण तिकडे कुणी बघत नाही.

दुसरी पायरी: यातलं अनावश्यक काय?

इथे एलडीडी उपयोगी पडते, पण '-यू' आणि '-आर' हे दोन पर्याय देऊन. मग ती 'न वापरलेल्या थेट डिपेंडन्सी' अशा मथळ्याखाली यादी देते. आपल्या खिडकीच्या प्रोग्रॅमवर चालवली तर त्या नऊ लायब्ररी इथे रांगेने उभ्या राहतात.

डेबियनचं पॅकेज बांधत असाल तर हे काम निम्मं आधीच झालेलं असतं. डीपीकेजी-एसएचलिबडेप्स नावाचं साधन प्रत्येक बायनरीतली नीडेड नावं वाचून त्यांवरून पॅकेजची डिपेंड्स यादी तयार करतं. ते करताना त्या लायब्ररीतला एकही सिम्बॉल वापरात नाही असं दिसलं, तर ते बिल्ड लॉगमध्ये इशारा टाकतं: ही फाइल अमुक लायब्ररीशी जोडली नसती तर पॅकेजची एक निरुपयोगी डिपेंडन्सी टळली असती, कारण तिचा एकही सिम्बॉल इथे वापरलेला नाही. हे वाक्य लॉगच्या अगदी शेवटी येतं. तोवर पॅकेज बांधून झालेलं असतं आणि माणूस लॉग बंद करून मोकळा होतो. तुम्ही तसं करू नका. बांधणी यशस्वी झाल्यावर लॉगचा शेवट वाचायची सवय पहिल्या पॅकेजपासून लावून घ्या.

आरपीएमच्या जगात, म्हणजे फेडोरासारख्या वितरणांत, हेच काम आरपीएमलिंट करतं. मात्र पॅकेज बसवल्यानंतर त्या बसवलेल्या पॅकेजवर चालवाल तेव्हाच ही तपासणी होते. नुसत्या आरपीएम फाइलवर चालवलंत तर हा इशारा दिसत नाही.

एक बारकावा. आपल्या उदाहरणात नऊ लायब्ररी जास्तीच्या होत्या, पण डेबियनमध्ये जास्तीची पॅकेजं नऊ होत नाहीत. जीडीके हे जीटीकेच्याच पॅकेजमध्ये असतं, आणि जीलिब, जीऑब्जेक्ट, जीआयओ तिघंही एका पॅकेजमध्ये. म्हणजे डिपेंड्स यादीत उगाच आलेली नावं सात. साफसफाईचा क्रम लावायचा असेल तर या सातांपासून सुरुवात करा, कारण ट्रान्झिशनमध्ये अडकवतात ती हीच.

तिसरी पायरी: लिंकरला सांगा, गरज असेल तरच घे

ऑब्जेक्ट फाइली (कंपाइल झालेले तुकडे) आणि लायब्ररी जोडून प्रोग्रॅम तयार करणाऱ्या जीएनयू लिंकरला '--ॲज-नीडेड' असा पर्याय आहे. तो दिला की लिंकर प्रत्येक लायब्ररीकडे बघून ठरवतो: हिच्यातला एखादा तरी सिम्बॉल माझ्या ऑब्जेक्ट फाइलींना लागतोय का? लागत असेल तरच नीडेडमध्ये नाव घालायचं. जीसीसीमार्फत तो देताना आधी '-डब्ल्यूएल' आणि स्वल्पविराम लावायचा, मध्ये मोकळी जागा सोडायची नाही.

डेबियन पॅकेजमध्ये यासाठी डेबियन/रूल्स या फाइलमध्ये एक ओळ पुरते: 'डेब_एलडीफ्लॅग्ज_मेंट_अपेंड' हे चल एक्सपोर्ट करून त्यात वरचा पर्याय ठेवायचा. जेंटूमध्ये हा पर्याय मूळ प्रोफाइलमध्येच आहे. उबुंटूने ११.१० या आवृत्तीपासून, म्हणजे २०११ साली, तो कंपायलरमध्येच चालू केला. म्हणूनच उबुंटूवर सराव करणाऱ्याला माझं खिडकीचं उदाहरण करून बघताना फक्त तीन लायब्ररी आणि लिबसी दिसेल, आणि हा माणूस काय सांगतोय असं वाटेल. डेबियनच्या कंटेनरमध्ये करून बघा. मेसन या बांधणीच्या साधनाने बांधलेल्या प्रकल्पांत हा पर्याय मुळातच चालू असतो.

आज्ञेतला क्रम महत्त्वाचा आहे. हा पर्याय त्याच्या नंतर आलेल्या लायब्ररींनाच लागू होतो. आणि लायब्ररींची नावं ऑब्जेक्ट फाइलींच्या नंतरच यायला हवीत. उलटं लिहिलं तर लिंकर लायब्ररीपाशी पोचतो तेव्हा त्याच्या हातात एकही अपुरा सिम्बॉल नसतो, म्हणून तो ती लायब्ररी सोडून पुढे जातो, आणि मग ऑब्जेक्ट फाइल वाचताना 'अनडिफाइंड रेफरन्स' म्हणून थांबतो. जुन्या मेकफाइलींत लायब्ररींची नावं एलडीफ्लॅग्जमध्ये भरलेली असतात, तिथे हे हमखास घडतं. उपाय म्हणजे ती नावं तिथून काढून एलडीलिब्ज किंवा लिब्ज या चलात ठेवणं.

शेअर्ड लायब्ररी बांधायला मदत करणाऱ्या लिबटूल या साधनाची एक खोड आहे. शेअर्ड लायब्ररी जोडताना ते आपल्या मर्जीने पर्यायांचा क्रम बदलतं, आणि '--ॲज-नीडेड' लायब्ररींच्या मागे जाऊन पडतो. पर्याय लॉगमध्ये दिसतो, पण परिणाम शून्य. डेबियनमध्ये डीएच_ऑटोरीकॉन्फला '--ॲज-नीडेड' हाच पर्याय देता येतो. मग ते लिबटूलच्या एलटीमेन या स्क्रिप्टला ठिगळ लावून क्रम सरळ करतं. पर्याय दिला म्हणजे काम झालं असं धरू नका. बांधून झाल्यावर पुन्हा रीडएल्फ चालवा.

चौथी पायरी: नाव आलं कुठून?

बरेच जण तिसऱ्या पायरीवर थांबतात. मला ते पटत नाही. '--ॲज-नीडेड' दारात पडलेला कचरा झाडून टाकतो, पण तो रोज कोण टाकतं ते सांगत नाही. उद्या कुणी दुसऱ्या वितरणात, दुसऱ्या लिंकरने बांधेल तेव्हा कचरा पुन्हा आहेच. म्हणून मुळाशी जा. मूळ बहुधा पुढच्या तीन-चार जागांपैकी एका ठिकाणी असतं.

पहिली जागा ऑटोकॉन्फ या बांधणीपूर्व तपासणीच्या साधनाची 'एसी_चेक_लिब' ही मॅक्रो. नवख्याला वाटतं की ही फक्त लायब्ररी आहे का ते तपासते. तसं नाही. तिसरा आर्ग्युमेंट दिला नाही तर, लायब्ररी सापडल्यावर, ती त्या लायब्ररीचं नाव लिब्ज या सर्वसामान्य चलात टाकते. आणि लिब्ज त्या प्रकल्पातल्या प्रत्येक फाइलला जोडलं जातं. म्हणजे सर्व्हरला झेडलिब हवं म्हणून एकदा तपासलं, की सर्व्हरला 'चालू आहेस का' एवढंच विचारणाऱ्या छोट्या साधनालाही झेडलिब चिकटलं. आमंत्रण एकाला आणि पंगतीला सगळं गाव. दुरुस्ती अशी: तिसऱ्या आर्ग्युमेंटमध्ये स्वतःचं चल भरा, उदाहरणार्थ 'झेडलिब_लिब्ज', आणि मेकफाइल.एएममध्ये ज्या प्रोग्रॅमला खरंच हवं आहे त्याच्याच एलडीॲडमध्ये ते लिहा. पण तिसरा आर्ग्युमेंट दिला की मॅक्रो 'हॅव_लिबझेड' ही व्याख्याही आपणहून करत नाही. कोडमध्ये त्या व्याख्येवर कुठे अट असेल तर ती स्वतः एसी_डिफाइनने करा, नाहीतर बांधणी बिनबोभाट होईल आणि कॉम्प्रेशनची सोय गुपचूप गायब होईल.

दुसरी जागा पीकेजी-कॉन्फिगच्या पीसी फाइली. तुम्ही लायब्ररीचं पॅकेज करत असाल तर इथे थोडं थांबून विचार करा, कारण तुमची चूक तुमच्यापुरती राहत नाही. ती तुमच्या लायब्ररीवर उभ्या असलेल्या प्रत्येक पॅकेजात जाते. खिडकीच्या प्रोग्रॅममध्ये डझनभर नावं आली ती याच मार्गाने.

पीसी फाइलमध्ये 'रिक्वायर्स' आणि 'रिक्वायर्स.प्रायव्हेट' अशा दोन ओळी असतात, तशाच 'लिब्ज' आणि 'लिब्ज.प्रायव्हेट'. साध्या ओळींतली नावं सगळ्यांच्या वाट्याला येतात. प्रायव्हेट ओळींतली लायब्ररी लिंकरपर्यंत पोचतात ती फक्त स्टॅटिक जोडणीच्या वेळी. मग कुठलं नाव कुठे ठेवायचं? मी असं ठरवतो. दुसरी लायब्ररी मी फक्त माझ्या सी फाइलींत वापरतो, माझ्या हेडरमध्ये तिचा उल्लेखही नाही: नाव प्रायव्हेटमध्ये. माझं हेडर तिचं हेडर समाविष्ट करतं, पण फक्त तिचे टाइप वापरण्यापुरतं: तरीही रिक्वायर्स.प्रायव्हेट, कारण हेडरचे मार्ग पीकेजी-कॉन्फिग प्रायव्हेटमधूनही देतं. माझ्या हेडरमध्ये असं मॅक्रो किंवा इनलाइन फंक्शन आहे जे तिचं फंक्शन थेट बोलावतं: आता वापरणाऱ्याच्या ऑब्जेक्ट फाइलीत तिचा सिम्बॉल जाणार, म्हणून रिक्वायर्स. हा तिसरा प्रकार वाटतो त्याहून दुर्मीळ आहे.

सीमेक या बांधणीच्या साधनात हाच विचार टार्गेट_लिंक_लायब्ररीज या आज्ञेत करायचा असतो. पब्लिक की प्रायव्हेट हे लिहिलंच नाही, तर जोडणी पुढच्यांच्या वाट्यालाही जाते. प्रायव्हेट लिहायची सवय ठेवा, आणि पब्लिक लिहिताना त्याचं कारण स्वतःला सांगता आलं पाहिजे.

राहिल्या लिबटूलच्या एलए फाइली. त्यांच्या 'डिपेंडन्सी_लिब्ज' या ओळीत पूर्ण वंशावळ भरलेली असते आणि लिबटूल ती इमानदारीने पुढे जोडत जातं. डेव्ह पॅकेजमधून (लायब्ररी वापरून प्रोग्रॅम बांधणाऱ्यांसाठीचं पॅकेज) त्या फाइली काढून टाका. एखादा प्रोग्रॅम प्लगइन उघडण्यासाठी त्यांच्यावर अवलंबून असेल तर फाइल ठेवा, पण ती ओळ रिकामी करा.

आणि एक गोष्ट जिच्यामागे वेळ घालवू नका. जुन्या मेकफाइलींत '-एलपीथ्रेड' आणि '-एलडीएल' दिसतील. ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या ग्लिबसी २.३४ पासून हे दोन्ही भाग मुख्य लिबसीमध्येच आहेत. नव्या प्रणालीवर ते पर्याय असले तरी नीडेडमध्ये नाव येत नाही.

पाचवी पायरी: काढलेलं खरंच नको होतं ना?

'सिम्बॉल वापरलेला नाही' आणि 'लायब्ररीची गरज नाही' यात फरक आहे. मला हे फार महागात पडून कळलं. चित्रांची एक छोटी उपयुक्तता मी पॅकेज केली होती. चित्रांचे वेगवेगळे प्रकार ओळखणारा भाग एका वेगळ्या सी++ लायब्ररीत होता. मुख्य प्रोग्रॅम तिचं एकही फंक्शन नाव घेऊन बोलवत नव्हता. लायब्ररी मेमरीत आली की तिच्यातले स्टॅटिक ऑब्जेक्ट स्वतःहून नोंदणी करत. '--ॲज-नीडेड'ने ती लायब्ररी काढून टाकली. बांधणी व्यवस्थित, इशारा एकही नाही, प्रोग्रॅम उघडला, खिडकी आली. फक्त कुठलंच चित्र उघडेना. मी पॅकेज चढवण्याआधी प्रोग्रॅम सुरू होतो का एवढंच पाहिलं होतं. तक्रार घेऊन आलेल्या माणसाच्या गावच्या जत्रेचे फोटो होते आणि त्याला ते त्याच संध्याकाळी छापायला द्यायचे होते. त्या दिवसापासून मी पॅकेजचं मुख्य काम एकदा स्वतः हाताने करून पाहिल्याशिवाय ते पुढे पाठवत नाही.

अशा लायब्ररीसाठी लिंकरला अपवाद सांगता येतो. तिच्या नावाआधी '--पुश-स्टेट' आणि '--नो-ॲज-नीडेड' लिहायचं, नंतर '--पॉप-स्टेट'. म्हणजे एका लायब्ररीपुरता नियम बाजूला राहतो आणि बाकीच्यांना लागू होतो. ते का केलं हे शेजारीच टिप्पणीत लिहून ठेवा, नाहीतर तुमच्यानंतर येणारा भला माणूस ती ओळ साफसफाईत उडवेल. वीक सिम्बॉलच्या (न सापडला तरी चालेल अशी खूण असलेल्या) बाबतीतही डोळे उघडे ठेवा: फक्त वीक उल्लेख असेल तर लिंकर त्याला गरज मानत नाही.

उलट टोकाची चूक म्हणजे अंडरलिंकिंग, म्हणजे फंक्शन वापरायचं पण लायब्ररीचं नावच द्यायचं नाही आणि दुसऱ्या कुणामार्फत ती येईल अशा भरवशावर राहायचं. फेडोराने १३ व्या आवृत्तीत, २०१० साली, लिंकरचं वागणं बदलून ही पळवाट बंद केली, तेव्हा कितीतरी पॅकेजं बांधताना थांबली. शेअर्ड लायब्ररी बांधताना '--नो-अनडिफाइंड' हा पर्याय देऊन ही चूक आधीच पकडता येते. प्लगइनना मात्र तो देऊ नका. त्यांना काही सिम्बॉल मुख्य प्रोग्रॅमकडूनच मिळायचे असतात. म्हणजे हिशोब दोन्ही बाजूंनी जुळायला हवा: जे वापरता ते सगळं लिहा, जे वापरत नाही ते लिहू नका.

ज्याला साधन पकडू शकत नाही

२९ मार्च २०२४ रोजी पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसचे विकासक आंद्रेस फ्रॉइंड यांनी जाहीर केलं की एक्सझेड या फाइली दाबणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा आहे. एसएसएचने लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे त्यांना खटकलं होतं आणि त्यांनी ते सोडून दिलं नाही. तो चोरदरवाजा होता एक्सझेडच्या लिबएलझेडएमए या दाबून साठवण्याच्या लायब्ररीत, आणि निशाणा होता एसएसएचडी, म्हणजे दूरवरून लॉगिन स्वीकारणारा ओपनएसएसएचचा सर्व्हर.

ओपनएसएसएचचा मूळ कोड ही लायब्ररी वापरतच नाही. मग ती तिथे पोचली कशी? 'मी तयार आहे' असा निरोप सिस्टमडीला (यंत्रावरच्या सेवा सुरू करून सांभाळणारा प्रोग्रॅम) द्यायचा म्हणून डेबियन, फेडोरा आणि आणखी काही वितरणांनी एसएसएचडीला पॅच लावून लिबसिस्टमडी जोडली होती. लिबसिस्टमडीला लॉगच्या दाबलेल्या फाइली वाचण्यासाठी लिबएलझेडएमए लागत होती. निरोप देण्याचं काम म्हणजे एका युनिक्स सॉकेटवर एक छोटीशी ओळ लिहिणं. तेवढ्यासाठी मूळ कोडला परकी असलेली एक लायब्ररी, यंत्राच्या दारावरच्या पहारेकऱ्याच्या प्रोसेसमध्ये जाऊन बसली.

इथे '--ॲज-नीडेड' काही करू शकला नसता. एसएसएचडी लिबसिस्टमडीचं फंक्शन खरोखरच वापरत होता, लिबसिस्टमडी लिबएलझेडएमएचं. प्रत्येक जोडणी नियमात बसणारी होती. प्रश्न साधनाने विचारायचा नव्हता, माणसाने विचारायचा होता: एवढ्याशा कामासाठी एवढी साखळी हवी का? जुलै २०२४ मध्ये आलेल्या ओपनएसएसएच ९.८ ने तो निरोप स्वतःच्या थोडक्या कोडने द्यायला सुरुवात केली, लिबसिस्टमडीशिवाय. सिस्टमडीच्या २५६ व्या आवृत्तीत दाबण्याच्या लायब्ररी गरज पडेल तेव्हाच डीएलओपनने उघडायची सोय आली.

म्हणून वितरणाचा म्हणून एखादा पॅच लावताना रीडएल्फची यादी आधी आणि नंतर अशी दोन्ही वेळा काढा आणि डिफ करून बघा. जास्तीचं एक नाव दिसलं तर त्या नावाच्या मागे कोण उभं आहे ते एलडीडीने पूर्ण वंशावळ काढून तपासा. रूट अधिकाराने चालणारा किंवा नेटवर्कवर ऐकणारा प्रोग्रॅम असेल तर हे टाळू नका.

शेवटची पायरी: दुरुस्ती मूळ प्रकल्पाला पाठवा

तुमच्या पॅकेजात केलेली दुरुस्ती तुमच्याच वितरणापुरती असते. ती अपस्ट्रीमला पाठवा. पाठवताना 'ओव्हरलिंकिंग आहे, दुरुस्त करा' एवढंच लिहू नका. समोरचा प्रोग्रॅम लिहिणारा आहे, त्याच्या यंत्रावर सगळं चालतंय, त्याला यात अडचण दिसणार नाही. बदलाआधीची आणि नंतरची नीडेड यादी चिकटवा. कुठल्या ओळीमुळे नाव आलं ते दाखवा. यामुळे कुणाचं काम वाचतं ते एका वाक्यात सांगा. पॅच लहान ठेवा, एका पॅचमध्ये एकच लायब्ररी, म्हणजे त्याला एकेक पडताळता येईल आणि एखादी खरंच हवी असेल तर तेवढीच परत ठेवता येईल.

तो बदल स्वीकारून नवी आवृत्ती आली की तुमच्या पॅकेजातला पॅच काढून टाका, पुन्हा बांधा, आणि रीडएल्फने यादी एकदा तपासून घ्या.